सतरावा तुकडा

६ जानेवारी

दादा,

पत्र वाचून दाखवणाऱ्या कारकून काकांना आधी माझा नमस्कार. काका, कुठे अक्षर लागलं नाही तर रागावू नका, शाई नवी आहे आणि ओघळते. आणि दादाला सावकाश वाचून दाखवा. तो मध्येमध्ये ‘हां, हां’ म्हणतो, त्याचा अर्थ त्याला समजलं असा नसतो.

दादा, तुझं पत्र येऊन चार महिने झाले. आईची तब्येत आहे तशीच आहे. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांत काही दोष नाही. तरी ती म्हणते, सुईचं नाक दिसत नाही. भिंतीवरची मुंगी मात्र दिसते. मी वाद घालत नाही. मशीनवर मीच बसते.

बातमी अशी की शेठांचा तो गोल नाकाचा जुना ट्रक, तू चार वर्षं चालवलास तो, पुन्हा रस्त्यावर येणार आहे. गोदामामागे ताडपत्रीखाली इतकी वर्षं नुसता पडून होता. बोनेट उघडलं तेव्हा आत गांधीलमाशांचं पोळं निघालं म्हणे. मार्चमध्ये जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन आहे, तिथे शेठांना तो मांडायचाय, कारण त्यांच्या वडिलांची ती पहिली गाडी. काम आपल्या गल्लीच्या टोकाच्या गॅरेजवाल्या मिस्त्रींकडे आहे. ते म्हणाले, “म्हातारीला बोहल्यावर चढवतोय. दात मी बसवतो, कपडे तू शिव.”

परवा हातगाडीवरून त्यांनी ट्रकची बैठक आणून टाकली. तिघांना पुरेल अशी लांबलचक, वर पाठ वेगळी. पुढची खोली तिनेच भरली आहे. स्वयंपाकघरात जायचं तर पोट आत घेऊन आडवं जावं लागतं. आईने दारातून पाहिलं, जवळ आली, बैठकीवर हात ठेवला आणि तव्याचा चटका बसावा तसा उचलला.

“हे काम घेऊ नको,” म्हणाली.

“का गं?”

“मोठं आहे. मशीनला झेपायचं नाही.”

याच मशीनवर तिने एकेकाळी तंबू शिवलेत. मी हसले, ती हसली नाही. तेव्हापासून मी कामाला बसले की ती पुढच्या खोलीत येत नाही.

शेठांचा मिस्त्रींकडून निरोप आहे की जुनं उसवत बसू नका, वरूनच नवं चढवा, वेळ कमी आहे. मिस्त्रींनी निरोप सांगितला आणि स्वतःच मान हलवली, कारण त्यांना माहीत आहे. आपल्या घरात आईचा एकच कायदा आहे, जुनं उसवल्याशिवाय नवं शिवायचं नाही. खालची कातडी चुरगळते आणि दोन महिन्यांत वरची शिवण वाकडी पडते. शिवाय माप कुठून घेणार? जुने तुकडे हाच फर्मा. एकेक सोडवायचा, मागे खडूने नंबर घालायचा, नव्या रेक्झिनवर ठेवून कापायचं. या बैठकीचे मी वरूनच मोजले, सोळा तुकडे आहेत.

रविवारी शाळेतल्या बाईंच्या घरी गेले होते. पुढच्या महिन्याच्या चोवीस तारखेला बाईंना जाऊन पाच वर्षं होतील. त्यांच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, चहा ठेवला आणि पुन्हा तेच विचारलं. “गाडीने उडवलं म्हणतात. ठीक आहे. पण ती दवाखान्याच्या वळणावर गेलीच कशाला? शाळेतून घरी यायचा रस्ता उलट्या बाजूला.” ते पावलं मोजून आलेत. शाळेपासून त्या वळणापर्यंत सहा हजार दोनशे. “ज्या बाईचे गुडघे दुखतात ती सहा हजार पावलं उलटी का चालेल?” आणि पिशवी कुठे गेली, तेही विचारतात. मी दहावी झाले तेव्हा बाईंना शिवून दिलेली पिशवी. कॅनव्हासची, आतून माझ्या शाळेच्या जुन्या फ्रॉकचं निळ्या चौकड्यांचं अस्तर. तिचा एक बंद मी पीळ पडलेला तसाच शिवला होता. उसवून पुन्हा शिवते म्हटलं तर बाई म्हणाल्या, “राहू दे. ओळखू येईल.”

मी चहा पिते आणि येते. तू बाईंनंतर आठवड्यातच तिकडे खाणीवर गेलास, म्हणून तुला माहीत नसेल ते किती विचारतात.

तुझी,
ठिगळी

१९ जानेवारी

दादा,

तुझं उत्तर नाही. कामात असशील. मी मात्र तुला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये असं वाटतं, म्हणून लिहिते.

बैठक उसवली. वरचं तपकिरी रेक्झिन निघालं, सोळा तुकडे, माझा अंदाज चुकला नाही. प्रत्येकावर नंबर घातला आणि दोरीवर वाळत घातल्यासारखे अडकवले. खाली कापूस, त्याखाली काथ्या, मग गोणपाट, मग स्प्रिंगा. स्प्रिंगा चांगल्या आहेत, दोन तेवढ्या बसल्यात.

पण दादा, गाठी आईच्या आहेत.

तुला कळेल. ती डावखुरी, त्यामुळे तिची गाठ उलटी वळते, आणि शेवटी ती दोरा कापत नाही, मागे फिरवून शिवणीत लपवते. अख्ख्या बाजारात असं करणारं दुसरं कोणी नाही. मी तिला विचारलं, “तू शेठांचं काम कधी केलं होतंस?”

“नाही केलं.”

“या तुझ्या गाठी आहेत.”

“डावखुरी काय मी एकटीच आहे?” आणि तिने पातेलं इतक्या जोरात घासायला घेतलं की पुढे बोलणंच झालं नाही.

रेक्झिनही त्या मानाने फार झिजलेलं नाही. म्हणजे हे कव्हर ट्रक उभा करायच्या थोडंच आधी घातलेलं. तू तेव्हा चालवत होतास, तुला आठवत असेल. का बदललं होतं?

अजून एक. चालकाच्या शेजारच्या बाजूला, कापसाच्या खाली, एक थर जास्तीचा आहे. घडी घातलेलं कापड, चारी बाजूंनी टाचलेलं. बसकण भरून काढायला आपण चिंध्या भरतो तसं. मी त्याचं एक टोक फक्त उचलून पाहिलं आणि परत ठेवलं. का ठेवलं ते आत्ता लिहीत नाही. तू आधी मला सांग, त्या बैठकीत काय आहे ते तुला माहीत आहे का. माहीत नसेल तर तसं सांग, मी त्यावर विश्वास ठेवीन.

मी त्या कापडाला सतरा नंबर दिलाय. नंबर दिला की वस्तू हरवत नाही.

ठिगळी

३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. ‘प्रिय भगिनी’ अशी सुरुवात वाचून छान वाटलं. शेठ सांगतात तसं करावं, आपल्यावर त्यांचे उपकार आहेत, हा तुझा सल्ला योग्यच आहे. कारकून काकांचं अक्षर फार सुंदर आहे, त्यांना तसं सांग.

शेठ गुरुवारी स्वतः येऊन गेले. किती आपुलकीने चौकशी केली. त्यांना काळजी नको म्हणून इथेही लिहिते की बैठकीत जे जास्तीचं कापड निघालं ते साधं गोणपाट होतं, कुजकं. जुन्या काथ्याबरोबर मी ते जाळून टाकलं. मला उगीचच शंका घ्यायची सवय आहे, ती तुला ठाऊकच आहे.

नवं रेक्झिन आलं. गडद हिरवं, कडेला पांढरी पायपिंग. काम वेळेत होईल. आई बरी आहे.

तुझी भगिनी

११ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र टपालाने आलेलं नाही, हे तुला दिसतंच आहे. मिस्त्री तिकडच्या भंगार बाजारात हेडलाइटच्या गोल रिंगा शोधायला येत आहेत, त्यांच्या हाती दिलंय. ते तुला एकट्याला गाठून वाचून दाखवतील. मी त्यांना आधी विचारलं. ते बराच वेळ बोटांचं ग्रीस पुसत राहिले आणि म्हणाले, “वाचेन. पण वाचल्यावर मलाही माहीत झालेलं असेल, एवढं लक्षात ठेव.” मिस्त्री, मी लक्षात ठेवलंय.

तीन तारखेचं पत्र खोटं होतं. आयुष्यात मी लिहिलेलं पहिलं खोटं, आणि ते लिहिताना माझं अक्षर जरासुद्धा हललं नाही, याची मला जास्त भीती वाटली.

शेठ आले ते असे. दुपारी, चपला न काढता. स्टूल ओढून बसले. बैठकीच्या उघड्या स्प्रिंगांवर हात फिरवत म्हणाले, “आत कापड निघालं म्हणे.”

मी ते कोणालाही सांगितलं नव्हतं. आईला नाही, मिस्त्रींना नाही. फक्त तुला लिहिलं होतं.

“हो, गोणपाट,” मी म्हटलं.

“कुठंय?”

“जाळलं.”

“राख बघू.”

आदल्याच आठवड्यात मी दुसऱ्या एका सीटचा काथ्या पाणी तापवायला जाळला होता, त्याच्या राखेचा डबा तसाच होता. त्यांनी काडीने राख ढवळली. मग हात झटकत म्हणाले, “शिकलेल्या मुलींचं हेच असतं. सांगितलं वरून चढव, तर खाली बघणार. तुझा दादा माझ्या मेहुण्याच्या खाणीवर आहे ना? कडेला काम असतं. जपून राहायला सांग. पाय घसरायला वेळ लागत नाही.” जाताना आईला हाक मारली, “वहिनी, येतो.” आई आतून बाहेर आली नाही.

दोन दिवसांनी तुझं ‘प्रिय भगिनी’ आलं. माझी फाटकी झबली बघून तू मला ठिगळी म्हणायला लागलास, तेव्हा मी तीन वर्षांची होते. त्यानंतर तू मला दुसऱ्या कोणत्याच नावाने हाक मारलेली नाहीस. तेव्हा कळलं की माझी पत्रं तुझ्याआधी कोणीतरी वाचतं, आणि कदाचित तुझ्यापर्यंत पोचतही नाहीत.

आता सतरावा तुकडा.

ते गोणपाट नव्हतं. ती उसवून सपाट केलेली पिशवी होती. बाहेरून कॅनव्हास, आतून निळ्या चौकड्या. एक बंद पीळ पडलेला. त्याच्यावरचे वाकडे टाके माझे आहेत, सोळा वर्षांच्या माझे. तू कापड ताणून धरलं होतंस आणि म्हणाला होतास, “ठिगळे, हा टाका आहे की बेडकाची उडी?”

पिशवीखाली बैठकीचं आधीचं रेक्झिन होतं, उलटं करून घातलेलं. त्यावर ताटाएवढा डाग, आणि त्याखाली तेव्हाचाच जुना कापूस.

मी ते सगळं आईसमोर मांडलं. ओरडले नाही. तिने पाहिलं आणि भिंतीला टेकून बसली. मग सांगितलं. त्या दिवशी अंधार पडल्यावर तू आणि शेठ ट्रक घेऊन अंगणात आलात. शेठ म्हणाले, बैठक रात्रीतून नवी करून दे, निघालेलं सगळं जाळून टाक. पिशवी तिने तिथेच ओळखली.

“मग का नाही जाळलीस?”

“चांगलं कापड होतं गं,” आई म्हणाली. “जन्मात कधी कापड जाळलं नाही. काढलेलं आत भरायचं, हेच शिकले. आणि ती पिशवी चुलीत घालायला गेले तर तुझा बंद दिसला. तुझ्या हातचं पहिलं काम. नाही घालवलं.”

“आणि बाई?”

“बाई गेल्या होत्या. मुलगा जिवंत होता.” मग म्हणाली, “त्यानंतर सुईत दोरा गेला नाही माझा. डोळ्यांचं कारण सांगितलं.”

हे ऐकून मी काय करायला हवं होतं ते मला माहीत नाही. मी काम केलं. मला तेवढंच येतं. तो डाग रेक्झिनच्या शिवणीतून कापसात आणि कापसातून खाली काथ्यापर्यंत गेलेला होता. मला प्रश्न पडला, एवढं मुरायला किती वेळ लागतो? म्हणून मी तसाच कापूस घेतला, तेवढ्याच जाडीचा, खाली काथ्या, वर जुनं रेक्झिन त्याच शिवणीसह. पिठाची पातळ खळ केली, तिला रंग दिला आणि थेंब थेंब सोडत घड्याळ लावून बसले. दोनदा केलं, कारण एकदाच केलेल्यावर विश्वास ठेवू नये असं बाईंनीच शिकवलं. पहिल्या वेळी पन्नास मिनिटं. दुसऱ्या वेळी पंचावन्न.

शाळेपासून दवाखाना ट्रकने दहा मिनिटांवर आहे, दादा.

मी डॉक्टर नाही. माझी खळ म्हणजे रक्त नव्हे. पण मेलेल्या माणसाचं रक्त तासभर वाहत नाही, एवढं मलाही कळतं. तुम्ही बाईंना उचलून ट्रकमध्ये घेतलंत, म्हणजे तुझ्या मनात चांगलंच होतं. मग त्या दहा मिनिटांचा तास कसा झाला? वळणावर त्यांना उतरवलंत तेव्हा त्या जिवंत होत्या का? चाक कोणाच्या हातात होतं हे मी विचारत नाही. हे एवढंच विचारते.

तुझं उत्तर काहीही असलं तरी मी बाईंच्या घरी काकांना सांगणार आहे. लपवून सांगत नाही, म्हणून आधी तुला लिहिते. चोवीस तारखेला दुपारी बाराला मी त्यांच्याकडे जाईन. त्याआधी तू आलास तर तूच सांग, मी तुझ्या शेजारी उभी राहीन, पुढे चौकीतही येईन. नाही आलास तर मी एकटी सांगेन. तुला शिक्षा होईल हे मला कळतं. तू वजनदार पोती वाहून माझी पुस्तकं आणायचास, तेही मी विसरलेले नाही. ज्यांनी मला लिहायला शिकवलं त्या बाई आणि ज्याने मला शाळेत पाठवलं तो तू, या दोघांच्या मध्ये मला उभं करू नकोस, असं म्हणायचं होतं. पण उभी तर मी आहेच.

पिशवीचा पीळ पडलेला बंद कापून मिस्त्रींबरोबर पाठवतेय. पत्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागतं, हे तू स्वतः वाचू शकतोस. बोट फिरवून बघ.

ठिगळी

२४ फेब्रुवारी, सकाळ

कारकून काकांस,

आपण मला ओळखता, मी आपल्याला फक्त अक्षरावरून ओळखते. आजचं पत्र दादासाठी नाही, आपल्यासाठी आहे. नेहमीप्रमाणे आधी वाचाल आणि मग शेठांच्या मेहुण्यांना द्याल, तर द्या. टपालाला चार दिवस लागतात. हे आपल्या हाती पडेल तेव्हा व्हायचं ते होऊन गेलेलं असेल.

मिस्त्री वीस तारखेला परत आले. रिंगा मिळाल्या नाहीत. दादा भेटला. खाणीच्या पाण्याच्या टाकीमागे बसून त्यांनी माझं पत्र वाचलं. त्याने पुन्हा एकदा वाचायला लावलं. तोपर्यंत बंद हातात धरून बसला होता, टाक्यांवर अंगठा फिरवत. “बेडकाची उडी,” म्हणाला आणि हसल्यासारखं केलं. मग जे बोलला ते मिस्त्रींनी मला जसंच्या तसं सांगितलं, आणि मी जसंच्या तसं लिहून ठेवलंय.

“चाक माझ्याच हातात होतं. बाई वळल्या आणि मी बघितलंच नाही. उचलून मधे बसवलं. दवाखान्याकडे निघालो तर शेठ म्हणाले, तिथे नावं लिहून घेतात, गोदामाकडे घे, विचार करू. फाटकाशी उभे राहिलो. शेठ म्हणाले, अंधार पडू दे, मग वळणावर ठेवू, दवाखान्याचं कोणीतरी बघेल. बाई पाणी मागत होत्या. बाटली सीटखालीच होती. शेठ म्हणाले, जखमीला पाणी द्यायचं नसतं. मी दिलं नाही.”

मग त्याने मिस्त्रींना विचारलं, “ठिगळी रागावली का?” मिस्त्री म्हणाले, “तसं लिहिलेलं नाही.” तो म्हणाला, “उद्या सकाळी तुमच्याबरोबर निघतो.”

सकाळी मिस्त्री त्याच्या खोलीवर गेले. खाट रिकामी होती. चपला खाटेखाली होत्या. पहारेकरी म्हणाला, पहाटेच कडेच्या कामावर गेला. कडेवर विचारलं तर म्हणाले, आज आलाच नाही. मिस्त्री दुपारपर्यंत थांबले, मग त्यांनाच कोणीतरी येऊन सांगितलं की गाडीची वेळ झाली, निघा.

तो अनवाणी घराकडे निघालाय का, माझ्यापासून लांब पळालाय का, की आणखी काही, हे मला माहीत नाही. चार दिवस मी दाराचा प्रत्येक आवाज ऐकतेय. मी ते पत्र पाठवलं नसतं तर तो आज खाटेवर असता, हेही मला दिवसातून शंभर वेळा वाटतं. काका, आपल्याला माहीत असेल तर आपण सांगालच असं नाही. पण आपल्यालाही बहीण असेल.

बैठक मी परवा पोचवली. आतला कापूस, काथ्या, गोणपाट सगळं नवं. पायपिंग केसाएवढीही सरकलेली नाही. काम वाईट करून सूड घ्यावा असं एकदाही मनात आलं नाही, हे खरं. शेठ बसून दोनदा उसळले. “फर्स्ट क्लास. आत जुनं काही ठेवलं नाहीस ना?”

“काही नाही,” मी म्हटलं. हे खोटं नव्हतं.

काल संध्याकाळी त्यांनी ट्रक रंगवून, चमकवून चाचणीला काढला आणि आमच्या गल्लीवरून नेला. आई स्वयंपाक करत होती. इंजिनाचा आवाज ऐकला आणि तिने तिसरं ताट मांडलं. मग तिला कळलं. ताट उचललं नाही. रात्रभर ते तिथेच होतं, आत्ताही आहे.

सकाळपासून शेठांची जीप गल्लीच्या तोंडाशी उभी आहे. आत दोन माणसं आहेत, पेपर वाचतात, पान उलटत नाहीत. तीन तारखेच्या पत्रावर त्यांचा विश्वास बसला नव्हता की मिस्त्रींच्या मागावर कोणी होतं, कोण जाणे. मी त्यांच्यासमोरूनच जाणार आहे. रोज एक गाठोडं काखेत घेऊन मी या गल्लीतून जाते, गिऱ्हाइकांचं शिवलेलं पोचवायला. शिवणारणीचं गाठोडं कोणी उघडून बघत नाही. आई बरोबर येते म्हणतेय. तिने आज स्वतः सुईत दोरा ओवला आणि गाठोड्याचं तोंड शिवलं. एका दमात ओवला.

गाठोड्यात नंबर घातलेले सतरा तुकडे आहेत. डाग पडलेलं रेक्झिन आणि त्याखालचा कापूस आहे, खळीचा कापूस आहे, दोन्ही वेळांची नोंद आहे. आणि आपलं ‘प्रिय भगिनी’ आहे, जे फक्त माझ्या पत्रातून कळू शकत होतं ते शेठांनी येऊन विचारलं, त्यानंतर दोनच दिवसांनी आलेलं. त्याच्या पाठीवर मी खडूने अठरा घातलाय. आधी बाईंच्या यजमानांना दाखवेन, त्यांच्या प्रश्नाचं उत्तर ते चौकीत ऐकण्यापेक्षा त्यांनी माझ्या तोंडून ऐकावं. बाईंनी पाणी मागितलं होतं, हेही सांगेन. ते सांगितलं नाही तर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. आणि ते दादाने स्वतः सांगितलं, कोणी जबरदस्ती न करता, हेही सांगेन. तेवढं त्याचं त्याला मिळायला हवं. मग त्यांना बरोबर घेऊन चौकीत. तिथे पहिली तक्रार शेठांची देणार नाही. माझा भाऊ चार दिवस दिसत नाही, ही देणार आहे, आणि त्यात खाणीचं नाव, पहारेकऱ्याचं बोलणं आणि आपलं अक्षर असेल.

तो तिथे असेल, कुठल्या खोलीत असेल, कसाही असेल, तर हे पत्र त्याला वाचून दाखवा. या वेळी पूर्ण वाचा. सावकाश वाचा. ‘हां, हां’ म्हणाला तर थांबा आणि पुन्हा वाचा.

बाई म्हणायच्या, अक्षर असं काढावं की परक्यालाही अडखळायला होऊ नये. मी तसंच काढलंय. तेव्हा वाचता आलं नाही, असं म्हणू नका.

बाराला दहा कमी आहेत. निघते.

दादाची बहीण